मुरमाडाच्या कडेचा पाला

मखमलाबाद, नाशिक
११ ऑगस्ट २०२४

तेजस्विनी,

खुशाली नंतर विचारते, आधी ऐक. तुझ्या निरगुडे सरांनी कॉलेजातून पाला परत पाठवला. या सालातली ही तिसरी खेप.

दोन गोण्या होत्या. मी आणि कुसाबाईने एकेक पान बघून भरलेल्या. किडकं नाही, पिवळं नाही, मातीचा कण नाही. फुलबाजारात शेवंतीसुद्धा मी इतकी निवडून नेत नाही. आणि गोणीवर चिकटवलेली चिठ्ठी काय, तर ‘घटक प्रमाण अपुरे’. तीन शब्द. भाग्यश्री घेऊन आली होती. नामपूरची ती मुलगी, तुझ्याहून तीन वर्षं मागची, आता तुझ्या जागेवर काम करते. बिचारीने स्कूटीवर एक गोणी पुढे, एक मागे बांधून आणली आणि दारात उभी राहून म्हणाली, ‘‘काकू, हाई बी फेल शे.’’ घाबरली की तिच्या तोंडून घरची बोली निघते. मी तिला पाणी दिलं आणि तिच्या देखतच तो पाला गाईपुढे टाकला. गाईने तोंडसुद्धा लावलं नाही. इतका कडू आहे, आणि यांना अजून कडू पाहिजे!

तुझा पत्ता तिनेच दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी चहा पाजून काढून घेतला. सात महिने झाले, मी फोन लावला की लागतच नाही. आबांनी लावला तेव्हा एकदा पुरता वाजला म्हणे. म्हणजे माझाच नंबर अडवून ठेवलायस. ठेव. पत्र कसं अडवशील? पोस्टमन तिकडे हिमाचलात, बद्दीला पण असणारच.

हे पीक घरात कोणी आणलं, मी की तू? ‘‘आई, पाच गुंठे दे फक्त,’’ म्हणून आठवडाभर मागे लागली होतीस. कागदावर कालमेघ, आपल्याकडचं पालेकिराईत. ‘‘यातलं कडू द्रव्य लिव्हरला चांगलं असतं, पण ते पाण्यात विरघळत नाही. माणसाने तांब्याभर काढा प्यायला तरी बरंचसं पोटातून तसंच निघून जातं, रक्तात उतरतच नाही. मी त्याच्यावर तेलकट कवच घालणार आहे, इतकं बारीक की केसाच्या जाडीत सात-आठशे कण बसतील. मग ते उतरेल.’’ नॅनो नॅनो करून डोकं खाल्लंस. आबा म्हणाले, ‘‘शेंगदाण्यावर गूळ चढवतात तसं का?’’ तू म्हणालीस, ‘‘हो आबा, तसंच.’’ आणि झेंडूचे पाच गुंठे गेले.

मग तुझ्या पहिल्या गोणीने चमत्कार केला. कवच बसलं, कॉलेजातल्या उंदरांची लिव्हरं सुधारली, सरांनी पेढे वाटले. त्यानंतर तेच शेत, तेच बी, तेच पाणी, पण तसं पुन्हा एकदाही झालं नाही. पुढचं तुला माहीत आहे, मी लिहीत बसत नाही.

मला एकच सांग. त्या पहिल्या गोणीत तू काय केलं होतंस? काही केलं असशील तर सांगून टाक, मी कोणाजवळ बोलणार नाही. मीपण तेच करीन, म्हणजे ही कटकट तरी संपेल.

वेळेवर जेवत जा. आबा बरे आहेत, तुझं नाव काढलं की उठून ठिबकच्या नळ्या बघायला जातात.

तुझी आई


६ सप्टेंबर २०२४

तेजस्विनी मॅडम,

आपलं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर. मी पुन्हा इथे उतरवते, म्हणजे काय लिहिलंस ते तुलाही दिसेल:

‘पाला एकत्र करू नका. वाफ्यांना नंबर द्या. प्रत्येक वाफ्याची पिशवी वेगळी ठेवा, तोडल्याची आणि पाणी दिल्याची तारीख लिहा. मी काहीही मिसळले नव्हते. तेजस्विनी.’

करू नका, द्या, ठेवा. आईला अहो-जाहो? तिकडे फॅक्टरीत कामगारांना सूचना लावतेस तशी मला लावलीस. आबांनी वाचलं आणि म्हणाले, ‘‘आली तर खरी चिठ्ठी.’’ बापाला तेवढंही पुरतं.

उद्या गणपती बसतायत. गेले आठ दिवस पहाटे तीनला उठून फुलं तोडतेय, पाठ राहिलेली नाही. त्यात मी वाफ्यावाफ्याला नंबर देत बसू? बारा वाफे आहेत! बारा पिशव्या, बारा चिठ्ठ्या, आणि कुसाबाईला वाचता येत नाही. ती म्हणाली, ‘‘वहिनी, पाल्याला नंबर कशाला, तो काय मत द्यायला चाललाय?’’

निरगुडे सरांचा फोन आला होता. संशोधनाची मुदत मार्चला संपते, तोवर काही दाखवलं नाही तर सगळं गुंडाळावं लागेल म्हणाले.

‘‘मावशी, जरा चांगला पाला द्या हो.’’

‘‘चांगला म्हणजे कसा?’’

‘‘म्हणजे सारखा. दरवेळी एकसारखा.’’

‘‘सर, एका तव्यावरच्या दोन भाकरी सारख्या होत नाहीत.’’

‘‘तीच तर अडचण आहे. आमचं कवच मापाचं असतं. आतला मालच कमीजास्त आला तर कवच तरी काय करणार? एकदाच काय तो चांगला आला होता, आणि त्याचंही असं झालं.’’

त्याचंही असं झालं! मी फोन ठेवून दिला. माणूस शिकलेला आहे, पण कुठे थांबावं हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

तुझं शेवटचं वाक्य मी वाचलं. एकदा वाचलं. त्यावर आज काही लिहीत नाही, फुलं भिजवायची राहिलीत.

आई


२३ ऑक्टोबर २०२४

तेजू,

हे पत्र नीट बसून वाच. ड्यूटीवर वाचू नकोस.

कुसाबाई चार दिवस कामाला आली नव्हती. अंगात ताप होता. काल आली, अर्धा दिवस काम केलं, आणि जाताना बांधाकडून ओच्यात पाला भरून निघाली. मी म्हटलं, ‘‘अगं, तिकडचा कशाला नेतेस? तिथली झाडं खुरटलेली. मधल्या वाफ्यातला ने, पान बघ कसं तजेलदार आहे.’’

ती म्हणाली, ‘‘तुमच्या मधल्या पाल्यात काय दम नाय वहिनी. पाणी पिऊन नुसता माजलाय. मी कायम मुरमाडाच्या कडंचा नेते. लय कडू हाय. दोन पानांत काम होतं.’’

‘‘कायम? मग आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही म्हणल्या चांगला तोड, मी चांगला तोडला.’’

मला असा राग आला म्हणून सांगू! तिच्यावर की स्वतःवर, ते कळेना. मधल्या वाफ्यातलं पान तोडून चावलं. कडू होतं, थुंकलं, चूळ भरली, गेलं. मग बांधाकडे गेले आणि कडेचं चावलं. तेजू, घशात उतरलं ते. डोळ्यांत पाणी आलं. दोन कप चहा झाला, गुळाचा खडा खाल्ला, तरी संध्याकाळपर्यंत जिभेवरून हटेना. आबांना एक पान दिलं तर ते तुळशीच्या ओट्यावर बसून पाच मिनिटं खोकत होते.

तिथे ठिबकचं पाणी पोचतच नाही. शेवटची नळी कधीची चोंदलीय, आबा तीन वर्षं बदलतो म्हणतायत. खाली मुरूम, वरून ऑक्टोबरचं ऊन. पाण्यावाचून तगलेली झाडं ती. पानं लहान, कडा लालसर. बाजारात नेली तर कोणी बघणार नाही.

मग मला आठवलं, आणि मी तिथेच बांधावर बसले.

पहिली गोणी तू २०२२ च्या दिवाळीआधी तोडलीस. शेवंती ऐन फुलावर होती. मधल्या किराईताकडे जायची वाट शेवंतीतूनच आहे, म्हणून मी तुझ्यावर ओरडले होते. ‘‘शेवंतीत पाय घालू नकोस. ते कडेचं खुरटं तोडून ने, कॉलेजला काय कळतंय!’’ तू तशीच तिकडे गेलीस आणि उन्हात एकटीने गोणी भरलीस.

पेढे आले तेव्हा मला मनातून लाज वाटली होती. म्हटलं, आपण पोरीला टाकाऊ पाला दिला आणि तिने त्याचंही सोनं केलं. तेव्हापासून कॉलेजचा पाला मी स्वतः निवडायला लागले. मधला, भरपूर पाण्यावरचा, हिरवागार. लेकीचं नाव त्याच्यावर आहे म्हणून सगळ्यात चांगला.

म्हणजे मी चांगला देत गेले आणि तू खोटी ठरत गेलीस.

तू सांगितलंस तसे नंबर घातलेत. सगळे बारा वाफे. पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या तारखा लिहून. भाग्यश्री आज घेऊन गेली. मी तिला बजावलं, कुठला नंबर कुठला ते सरांना सांगू नकोस, आधी मशीनला सांगू दे.

आई


१८ नोव्हेंबर २०२४

तेजू,

मशीनने सांगितलं. मधल्या वाफ्यांच्या दुपटीहून जास्त घटक. बारा नंबरची पिशवी, मुरमाडाच्या कडेची. भाग्यश्रीने फोनवर आकडा सांगितला आणि मग नुसती ‘‘काकू, काकू’’ करत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन घरीच आली. ते डोंगरासारख्या रेघांचे कागद, तू मला दाखवायचीस आणि मला काही कळायचं नाही तेच. तिने दोन कागद शेजारी ठेवले. एक बारा नंबरच्या पिशवीचा. दुसरा तुझा, पहिल्या गोणीचा, कॉलेजच्या कॉम्प्युटरातून शोधून काढलेला. म्हणाली, ‘‘काकू, या झाडात एकाच कुळीची चार कडू द्रव्यं आहेत, त्यांचे हे चार डोंगर. बाटलीतली शुद्ध पावडर विकत आणून मिसळली असती, तर एकच डोंगर उंच झाला असता. बाकीचे होते तेवढेच राहिले असते. इथे बघा, ताईंच्या कागदावर चारही डोंगर त्याच मापात वाढलेत, जसे बारा नंबरमध्ये वाढलेत तसेच. हे बाटलीतून होत नाही. हे झाडच करू शकतं.’’

दोन वर्षं तो कागद त्या कॉम्प्युटरात पडून होता. कोणी दुसरा काढून शेजारी ठेवला नाही.

बाजार उरकून मी तशीच कॉलेजवर गेले. अंगावर फुलांचं पाणी, पायात मातीच्या चपला. शिपाई आत सोडेना. मी म्हटलं, मी पालेवाली आहे, सरांना सांग.

सरांनी दोन्ही कागद बराच वेळ बघितले. म्हणाले, ‘‘फारच महत्त्वाचं आहे हे, मावशी. पाण्याच्या ताणाने घटक वाढतो. यावर वेगळा पेपर होईल.’’

‘‘होऊ द्या. आधी तेजस्विनीच्या फाईलमधला कागद काढा.’’

‘‘तो विषय वेगळा आहे. तो केव्हाच मिटलाय.’’

‘‘कसा मिटला?’’

आवाज चढवला नाही त्यांनी, खरंच सांगते. म्हणाले, ‘‘मावशी, तुम्हीच तर याच खुर्चीत बसून माफी मागितली होतीत.’’

हे मी तुला आजवर लिहिलं नाही. तुला माहीत आहे, म्हणून मला वाटायचं लिहायची गरज नाही. तू निघून गेलीस, आईबापाला टाकून गेलीस, फोन घेत नाहीस, हेच मी सगळ्यांना सांगत फिरले. तू का गेलीस ते कोणी विचारलं की मी म्हणायचे, नोकरी लागली. आज लिहिते.

सरांनी मला बोलावून विचारलं होतं की तेजस्विनीने बाटलीतली पावडर मिसळली असेल असं आम्हाला वाटतं, तुम्हाला काही माहीत आहे का. मी हात जोडले. म्हटलं, लहान आहे, चुकली असेल, पदरात घ्या. एवढंच बोलले. त्यांनी ते लिहून घेतलं, ‘आईनेही चूक मान्य केली’ म्हणून. मी खाली काय लिहिलंय ते न वाचता सही केली. तू दाराबाहेर उभी होतीस. आत जायच्या आधी मी तुला एका शब्दाने विचारलं नव्हतं की तेजू, तू केलंस का.

मला तेव्हा वाटलं, मोठ्या माणसांपुढे आधी नमतं घ्यावं, खरं-खोटं मागाहून बघता येईल. बाजारात गिऱ्हाईक वजनावरून बोलायला लागलं की मी आधी मूठभर फुलं जास्त टाकते, मग भांडते. तीच सवय. त्या दिवशी मी तुलाच मूठभर म्हणून टाकून मोकळी झाले.

त्यानंतरही मी पाला देत राहिले, ते का, हे तू जायच्या आधी आबांना विचारलं होतंस म्हणे. मला वाटायचं, माझा पाला त्या दारातून आत जातोय तोवर तुझं नाव तिथून पुरतं पुसलं जाणार नाही. वेडेपणा आहे, पण खरं आहे.

सरांकडे मी कोरा कागद मागितला. त्यांच्याच टेबलावर लिहिलं. ‘डिसेंबर २०२३ मध्ये मी माफी मागितली ती घाबरून. माझ्या मुलीने काही मिसळल्याचे मला माहीत नव्हते व नाही. सदर पाला माझ्या शेतातील मुरमाड कडेचा होता. मीच तिला तिकडे पाठवले होते.’ खाली सही, यावेळी वाचून. भाग्यश्रीने तिघांसाठी प्रती काढून दिल्या. एक सरांना, एक प्राचार्यांना, एक विद्यापीठाला. प्रत्येक ठिकाणी आवक खिडकीवर उभी राहून शिक्का मारून घेतला. विद्यापीठातला बाबू म्हणाला, ‘‘बाई, पोस्टाने पाठवायचं ना.’’ मी म्हटलं, ‘‘पोस्टाने पाठवल्यावर तुम्ही शिक्का कोणाच्या डोळ्यांदेखत मारणार?’’

आणि सरांना निघताना सांगितलं की फाईलमधला तो कागद निघेपर्यंत कडेचं एक पान मिळणार नाही. हवा तर मधला न्या, गाईला नकोच आहे तो. ते म्हणाले, ‘‘मावशी, हा अडवणुकीचा प्रकार झाला.’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’

आबांनी नळी बदलायला आणली होती. मी जुनी तोडू दिली नाही. राहू दे चोंदलेली.

आई


१० डिसेंबर २०२४

तेजू,

तुझं पत्र आलं. चार पानी. आबांना मी मोठ्याने वाचून दाखवायला लागले आणि दुसऱ्या पानावर थांबले.

‘तू बाहेर आलीस आणि हसून म्हणालीस, चल, मिटवलं मी. त्यानंतर रिक्षात तू शेवंतीच्या भावाबद्दल बोलत होतीस. मी तुझ्याशेजारी बसून विचार करत होते की आता घरी जाऊन मी खरं सांगितलं तरी ते कोणाला सांगणार.’

उत्तर लिहायला तीन वेळा बसले. तिन्ही वेळा अर्धं पान झाल्यावर बघितलं तर मी माझीच बाजू लिहीत होते. मला काय वाटलं, मी का घाबरले, मला किती कष्ट पडले. तिन्ही फाडले. म्हणून त्यावर एवढंच लिहिते की हसले होते. मला आठवतंय. तू लिहिलंयस ते सगळं बरोबर आहे.

आता कॉलेजचं सांगते. तीन जणांची समिती नेमली. त्यातले एक टाय लावलेले साहेब थेट शेतात आले, माझ्यावर विश्वास नको म्हणून स्वतः पाला तोडायला. आबांनी त्यांना कडेला नेलं. साहेबांनी विचारलं, इतक्या किरकोळ झाडात एवढा घटक? कुसाबाई म्हणाली, ‘‘खाऊन बघा ना सायेब.’’ आणि त्यांनी खाल्लं गं! चांगलं मोठं पान. मग रुमाल तोंडावर धरून मागे विहिरीकडे गेले ते दहा मिनिटं आलेच नाहीत. परत आले तेव्हा डोळे लाल, आणि मशीनची गरज नाही असं काहीतरी पुटपुटत होते. तरी मशीनवर घातलंच. घालायलाच पाहिजे होतं.

निकाल सोबत जोडलाय. मूळ प्रत मी ठेवली नाही, तुला पाठवतेय. तुझी आहे.

त्यात ‘आरोपास कोणताही आधार आढळला नाही’ असं लिहिलंय. पहिल्या मसुद्यात तेवढंच होतं. मी म्हटलं, वर्षभर माझी मुलगी खोटी म्हणून फिरली, त्याचं काय? म्हणे, तशी पद्धत नसते. मग मी पाला अडवून ठेवला. शेवटी ‘झालेल्या मनस्तापाबद्दल संस्थेस खेद आहे’ हे पाच शब्द आले. पाच शब्दांना आठ दिवस! इतक्या दिवसांत मी शेवंतीचा एक तोडा उरकते. आणि तो जुना कागद, माझ्या सहीचा, तो माझ्यासमोर फाईलमधून काढून त्यावर ‘रद्द’ लिहिलं. फाडा म्हटलं तर फाडता येत नाही म्हणाले, नोंद राहावी लागते. राहू दे. माझीही राहायला पाहिजे.

निकाल हातात पडला त्या दिवशी बारा नंबरच्या कडेच्या दोन गोण्या दिल्या. भाग्यश्रीने त्यातून कण तयार केलेत. कवच बसलं, तुझ्या वहीत लिहिलं होतं त्याच मापाने बसलं. पहिल्या गोणीसारखंच. उंदरांचं कळायला अजून महिना लागेल.

ती माझ्याजवळ बसून म्हणाली, ‘‘काकू, मी वर्षभर ताईंची वही चुकीची आहे असं धरून वाचत होते.’’ मग रडायला लागली. तिला मी काय सांगणार? मीही तेच केलं होतं, आणि मी तर वहीही वाचली नव्हती.

आई


६ जानेवारी २०२५

तेजू,

आबांच्या फोनवर तू परवा बोललीस आणि शेवटी ‘‘आईला दे’’ म्हणालीस, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. आपण दोघी वीस मिनिटं नुसतं पाण्याच्या पाळ्यांवर बोललो. मला पुरलं.

उंदरांचं चांगलं आलं. भाग्यश्रीने तुला कळवलंच असेल. अजून उंदीरच आहेत, माणसापर्यंत जायला किती वर्षं लागतील देव जाणे, हे तूच म्हणायचीस. पण चांगलं आलं.

आज सकाळी निरगुडे सर घरी आले होते. गाडी बांधावर लावून, हातात मिठाईचा पुडा. ओट्यावर बसले, आबांनी चहा दिला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, ‘‘मावशी, तेजस्विनीला परत बोलवा. तिचं नाव पुन्हा नोंदवून घ्यायची परवानगी मिळालीय. काम जवळपास पूर्ण आहे, वर्षात पदवी होईल. पेपरवर पहिलं नाव तिचं. माझं चुकलं, मी तिला तसं सांगीनही. पण ती माझा फोन घेणार नाही. तुम्ही आई आहात, तुम्ही शब्द टाकलात तर ऐकेल.’’

खरं सांगू? एका क्षणात माझ्या तोंडावर आलं होतं, येईल हो सर, का नाही येणार. डॉक्टर तेजस्विनी अशी पाटीसुद्धा डोळ्यांपुढे दिसली. बद्दीच्या त्या थंडीत, त्या पाळीच्या नोकरीत तू का पडून राहायचं? मला आत्ताही तसंच वाटतंय. तू नाही म्हणालीस तर मी चिडणार आहे, आधीच सांगून ठेवते. चार दिवस भांडी आपटीन.

पण मी सरांना म्हटलं, ‘‘तिच्या वतीने मी एकदा बोलले, तेवढं बास झालं. काय करायचं ते तिला विचारा.’’

आबांनी सरांच्या कपात आणखी चहा ओतला.

सर म्हणाले, ‘‘मग तिचा तिकडचा नवा नंबर तरी द्या.’’

मी म्हटलं, ‘‘तिला विचारून देते.’’

त्यांना वाटलं मी आत जाऊन फोन लावणार, म्हणून ते बसूनच राहिले. मी म्हटलं, पत्राने विचारीन, वेळ लागेल. तेव्हा उठले. मिठाई ठेवून गेले, कुसाबाईने निम्मी संपवली.

तर विचारतेय. त्यांना नंबर देऊ का?

आई